विष्णू सीताराम सुखठणकर

विष्णू सीताराम सुखठणकर (जन्म : मुंबई, ४ मे १८८७, मृत्यू : २१ जानेवारी १९४३) हे संस्कृतचे प्रकांड पंडित, पाठचिकित्सक आणि पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक होते. १९२५ पासून मृत्यूपर्यंत त्यांनी हे पद सांभाळले. आदिपर्व आणि आरण्यकपर्व यांचे संपादन त्यांनी स्वतः केले. आदिपर्वाला जोडलेली त्यांची प्रस्तावना भारतीय पाठचिकित्साशास्त्रातील पायाभूत ग्रंथ मानली जाते. शेकडो पोथ्यांतील पाठभेद एकाच पृष्ठावर थोडक्यात आणि निःसंदिग्धपणे मांडण्यासाठी त्यांनी जी चिन्हपद्धती स्थिर केली, तिच्यामुळे पुढे हा प्रचंड ग्रंथ संगणकावर आणणे शक्य झाले. त्या पद्धतीतील काही भाग संगणकाच्या भाषांना अजूनही सहज पेलत नाही, हेही तितकेच खरे आहे.

जन्म आणि शिक्षण

सुखठणकरांचा जन्म मुंबईत झाला. मराठा हायस्कूल आणि सेंट झेवियर्स महाविद्यालय येथे आरंभीचे शिक्षण घेऊन ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिज विद्यापीठात त्यांनी गणिताचा अभ्यास केला. पुढे ते संस्कृतकडे वळले व जर्मनीत बर्लिन येथे हाइनरिख ल्यूडर्स या विख्यात प्राच्यविद्या पंडितांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन केले. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता शाकटायनाचे व्याकरण आणि त्यावरील यक्षवर्म्याची चिंतामणी ही टीका. हा प्रबंध १९२१ मध्ये लाइपझिग येथे प्रसिद्ध झाला.

गणित आणि सूत्रबद्ध व्याकरण या दोन्ही विषयांची सवय त्यांच्या पुढील कामात सर्वत्र दिसते. एखादा नियम सांगायचा तर तो कोठे लागू होतो, कोठे होत नाही आणि दोन नियमांचा विरोध आला तर कोणता बलवान, हे आधी ठरवून मगच पुढे जाण्याची त्यांची रीत होती.

पुरातत्त्व आणि भासविषयक अभ्यास

भारतात परतल्यावर त्यांनी काही वर्षे पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागात काम केले. या काळात त्यांनी शिलालेख व ताम्रपट वाचून संपादित केले. झिजलेल्या अक्षरांपैकी निश्चित वाचलेले कोणते आणि अंदाजाने भरलेले कोणते, हे वेगवेगळ्या खुणांनी दाखवण्याची शिस्त कोरीव लेखांच्या अभ्यासात अपरिहार्य असते. महाभारताच्या संपादनात त्यांनी तीच शिस्त आणली.

त्रिवेंद्रम येथे सापडलेल्या आणि भासाच्या नावावर प्रसिद्ध झालेल्या नाटकांविषयीची त्यांची लेखमाला १९२० पासून अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या नियतकालिकातून येऊ लागली. स्वप्नवासवदत्ताचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले. ही नाटके भासाचीच, असा डंका त्या काळात पिटला जात होता. सुखठणकरांनी मात्र पुरावा पुरेसा होईपर्यंत निर्णय राखून ठेवण्याची भूमिका घेतली.

महाभारत प्रकल्पाची पार्श्वभूमी

महाभारताची चिकित्सक आवृत्ती निघावी ही मागणी मॉरिट्झ विंटरनिट्स यांनी १८९७ मध्ये पॅरिस येथील प्राच्यविद्या परिषदेत केली. त्यानंतर युरोपातील विद्यापीठांनी काही काळ हे काम अंगावर घेतले. १९०८ मध्ये ल्यूडर्स यांनी आदिपर्वाच्या सुरुवातीच्या थोड्या श्लोकांचा नमुना छापून पाहिला. पहिल्या महायुद्धाने हा उद्योग थांबला.

पुण्यात ६ जुलै १९१७ रोजी भांडारकर संस्था स्थापन झाली आणि तिने हे काम हाती घ्यायचे ठरवले. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंत प्रतिनिधी यांनी १९१८ मध्ये एक लक्ष रुपयांची देणगी जाहीर केली. १ एप्रिल १९१९ रोजी सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या हस्ते कामाचा शुभारंभ झाला. नारायण बापूजी उत्गीकर यांनी विराटपर्वाची तात्पुरती आवृत्ती १९२३ मध्ये सिद्ध केली आणि ती विद्वानांच्या अभिप्रायासाठी पाठवण्यात आली. तिच्यावरून पद्धतीविषयी अनेक प्रश्न उभे राहिले. ऑगस्ट १९२५ मध्ये प्रमुख संपादकपद सुखठणकरांकडे आले.

तक्ते आणि चिन्हे

पोथ्या ताडून पाहण्यासाठी संस्थेत मोठे छापील तक्ते वापरत. एका श्लोकासाठी एक तक्ता घ्यायचा. वर प्रचलित पाठ अक्षराअक्षराने वेगवेगळ्या चौकोनांत मांडायचा. त्याखाली प्रत्येक पोथीसाठी एक ओळ. पोथीतील अक्षर वरच्यासारखेच असेल तर काही लिहायचे नाही; वेगळे असेल तर त्या चौकोनात ते अक्षर नोंदवायचे. पोथीत जास्तीचे श्लोक आढळले तर त्यांची नोंद वेगळी. शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ आणि मल्याळम अशा निरनिराळ्या लिप्यांतील पोथ्या वाचणारे पंडित एका ठिकाणी मिळणे शक्य नव्हते. म्हणून बंगाली पोथ्यांचे काम शांतिनिकेतनात विश्वभारतीमध्ये, तर दक्षिणेकडील काही पोथ्यांचे तंजावरला सरस्वती महाल ग्रंथालयात झाले. कोठेही भरलेला तक्ता पुण्यात आला की दुसऱ्या तक्त्याशेजारी ठेवून वाचता येत असे, कारण चौकोन सर्वत्र सारखे होते.

तक्त्यात सर्व काही मावते, पण तक्ते छापता येत नाहीत. आदिपर्वाच्या टीपांसाठी सुमारे साठ पोथ्या निवडण्यात आल्या. प्रत्येक श्लोकाखाली साठ ओळी छापायच्या म्हटल्या तर ग्रंथ कधीच पुरा झाला नसता. सुखठणकरांपुढचा खरा व्यावहारिक प्रश्न हा होता : काहीही न गाळता हे सगळे आटोपशीर कसे करायचे?

त्यांनी प्रत्येक लिपीच्या पोथ्यांना एक अक्षर दिले आणि त्यापुढे पोथीचा क्रमांक. देवनागरी लिपीतील ज्या पोथ्या काश्मीरच्या शारदा परंपरेशी जुळतात त्यांचा गट वेगळा केला आणि त्याला स्वतंत्र अक्षर दिले. नीलकंठ, अर्जुनमिश्र, रत्नगर्भ या टीकाकारांबरोबर आलेल्या पोथ्यांनाही आपापली खूण मिळाली. उत्तरेकडील सर्व पोथ्या मिळून एक अक्षर, दक्षिणेकडील सर्व मिळून दुसरे. त्यामुळे टीपेत पंचवीस पोथ्यांची यादी देण्याऐवजी एक अक्षर पुरते. एखादीच पोथी वेगळी पडत असेल तर गटाचे अक्षर लिहून ती एक वगळल्याचे नोंदवता येते. पोथीत काही गळले असेल, काही अधिक असेल, किंवा एका श्लोकाच्या जागी दुसरा आला असेल, तर त्यांसाठी ठरावीक संक्षेप आहेत. मूळ संहितेत न घेतलेले छोटे प्रक्षेप तारांकित क्रमांक देऊन त्याच पृष्ठाच्या तळाशी, आणि दीर्घ प्रक्षेप परिशिष्टात, अशी वाटणी आहे. टाकून दिलेलेही सर्व वाचकाच्या हाती राहते.

या सर्व खुणांत सर्वांत महत्त्वाची खूण दिसायला सर्वांत साधी आहे. संहितेतील ज्या शब्दाविषयी संपादकाला पुरती खात्री नाही, त्या शब्दाखाली नागमोडी रेषा असते. ओळ वाचताना डोळ्यांना ती जाणवते, आणि मूळ म्हणून छापलेला हा शब्द केवळ अधिक संभाव्य आहे, हे वाचकाला कळते. संहितेची आणि टीपांची छपाई मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात झाली. खिळे जुळवणाऱ्यांसाठी हे पुस्तक किती जिकिरीचे असेल, हे त्याचे कोणतेही एक पान उघडले की समजते.

आदिपर्वाचा पहिला भाग १९२७ मध्ये बाहेर पडला आणि १९३३ मध्ये ते पर्व पूर्ण झाले. प्रस्तावनेवर ऑगस्ट १९३३ ही तारीख आहे.

वंशवृक्षाची अडचण

युरोपात ग्रीक व लॅटिन ग्रंथांचे संपादन करताना पोथ्यांचा वंशवृक्ष काढण्याची पद्धत रूढ होती. दोन पोथ्यांत एकच विशिष्ट चूक असेल तर त्या एकाच मातृकेवरून उतरल्या असे मानायचे. अशा रीतीने फांद्या जोडत मागे गेले की मूळ पोथीचा पाठ जवळजवळ यांत्रिकपणे निश्चित करता येतो. या पद्धतीला एक अट आहे. प्रत्येक पोथी एकाच पोथीवरून उतरलेली असली पाहिजे.

महाभारताच्या बाबतीत ही अट पाळली गेलेली नाही, हे सुखठणकरांच्या लवकर लक्षात आले. पोथी उतरवणारा पंडित शेजारच्या गावातली, कधी दुसऱ्या प्रांतातली पोथी मिळवून तिच्याशी आपली प्रत ताडून पाही. अधिक दिसले की ते समासात लिही आणि पुढचा लेखक समासातला मजकूर आत घेई. काही सुटू नये, हा त्यामागचा श्रद्धेचा भाग होता. तीर्थयात्रा, कीर्तने, पुराणे यांमधून कथांची देवघेव अखंड चालू होती. परिणामी फांद्या एकमेकींत गुंतल्या. कोणत्याही एका पोथीचा एकच पूर्वज सांगता येईना.

त्यांनी पोथ्यांचा वृक्ष सोडून दिला आणि परंपरांचा वृक्ष काढला. उत्तरेची आणि दक्षिणेची अशा दोन मुख्य शाखा. उत्तरेच्या शाखेत एकीकडे काश्मीर व तिच्याशी जुळणारा देवनागरी गट, दुसरीकडे नेपाळ, मिथिला, बंगाल आणि उरलेली देवनागरी. दक्षिणेत एकीकडे तेलुगू व ग्रंथ, दुसरीकडे मल्याळम. या शाखा ज्या ठिकाणी परस्परांपासून स्वतंत्र राहिल्या आहेत असे दाखवता येते, त्या ठिकाणी त्यांचे एकमत हा सर्वांत बळकट पुरावा. काश्मीर आणि केरळ यांच्यामध्ये देशभराचे अंतर आहे; दोन्हीकडे एकच पाठ सापडला आणि मधल्या प्रदेशांत दुसरा असला, तर दोन टोकांचा पाठ जुना. जेथे असे एकमत नाही, तेथे बाकीचे पाठ ज्यातून उद्भवले असावेत असा पाठ घ्यायचा, म्हणजे सहसा अवघड किंवा व्याकरणदृष्ट्या अनियमित पाठ घ्यायचा, कारण लेखक अवघड शब्द सोपा करतो, सोपा शब्द अवघड करीत नाही. आपल्या कल्पनेने शब्द घालण्याचा मार्ग त्यांनी फारच क्वचित पत्करला.

हे सर्व करून जी संहिता हाती येते ती व्यासांची नव्हे, हे त्यांनी स्पष्ट करून ठेवले होते. आज उपलब्ध असलेल्या पोथ्यांच्या आधारे मागे जाता येईल तेवढे मागे जाऊन मिळणारे ते सर्वांत जुने रूप आहे. पुष्कळ टीकाकारांनी आणि पुष्कळ चाहत्यांनीही हा भेद लक्षात घेतला नाही.

वादंग

ग्रंथ लाखो लोकांना पवित्र वाटणारा होता आणि संहितेतून परिशिष्टात गेलेले प्रसंग लोकांच्या ओठांवरचे होते. ब्रह्मदेवाच्या सांगण्यावरून व्यासांनी गणपतीला लेखनिक केले ही कथा महाराष्ट्रात लहान मुलालाही ठाऊक असते. ती अनेक परंपरांत आढळत नाही, म्हणून आदिपर्वाच्या संहितेतून ती परिशिष्टात गेली. स्वयंवरात सूतपुत्राला वरण्यास द्रौपदी नकार देते, हा उल्लेखही फार थोड्या पोथ्यांत आहे आणि तोही संहितेत नाही. नाटकांनी व कादंबऱ्यांनी हा प्रसंग इतका घट्ट रुजवला आहे की चिकित्सक आवृत्तीत तो नाही हे सांगितल्यावर आजही वाचक दचकतो.

विरोध केवळ श्रद्धाळूंकडून झाला असे नाही. फ्रेंच पंडित सिल्व्हाँ लेव्ही यांनी सुखठणकरांच्या परिश्रमांविषयी आदर राखूनच असे सुचवले की मूळ संहिता ठरवण्याचा खटाटोप सोडावा, नीलकंठाची प्रचलित संहिता जशीच्या तशी छापावी आणि तिच्याखाली पाठभेद द्यावेत. म्हणजे निर्णय न करता केवळ साहित्य पुरवावे. प्रस्तावनेत सुखठणकरांनी या सूचनेला सविस्तर उत्तर दिले. प्रचलित संहिता ही अनेक परंपरांची उशिराची मिसळण असल्याने तिलाच प्रमाण धरणे हाही एक निर्णयच आहे, आणि तो पुराव्याविना घेतलेला आहे, अशा आशयाची त्यांची मांडणी होती.

या वादाचा निकाल एका पोथीने दिला असे म्हटले तर ते फार धाडसाचे होणार नाही. आदिपर्व छापून झाल्यानंतर नेपाळचे राजगुरू हेमराज पंडित यांच्याकडील आदिपर्वाची एक जुनी पोथी सुखठणकरांना पाहावयास मिळाली. आदिपर्वाची तोवर ज्ञात असलेली ती सर्वांत प्राचीन पोथी होती. संपादनाच्या वेळी ती त्यांच्यापुढे नव्हती, त्यामुळे त्यांच्या निर्णयांची ती स्वतंत्र कसोटी ठरली. ताडून पाहता त्यांनी संहितेत घेतलेल्या अनेक पाठांना तिचा दुजोरा मिळाला आणि त्यांनी प्रक्षिप्त ठरवलेले बरेच श्लोक तिच्यात नव्हते. या पोथीवरील त्यांचा दीर्घ लेख संस्थेच्या वार्षिकाच्या एकोणिसाव्या खंडात आहे.

इतर लेखन आणि अखेरची वर्षे

संपादनाबरोबरच त्यांनी महाभारतविषयक अभ्यासलेखांची मालिका लिहिली. तिच्यातील भृगुकुळावरचा १९३६ चा लेख विशेष गाजला. भारतवंशाच्या मूळ कथेशी थेट संबंध नसलेल्या भृगूंच्या कथा महाभारतात इतक्या ठिकाणी का येतात, याचा शोध घेऊन त्यांनी असे प्रतिपादन केले की ग्रंथाच्या वाढीच्या एका टप्प्यात तो भार्गवांच्या हातून गेला असावा. पुढील संशोधकांनी हे मत पूर्णपणे स्वीकारले नाही, तरी ते टाळून पुढे जाणेही कोणाला जमले नाही. रामोपाख्यान आणि वाल्मीकी रामायण यांच्या संबंधावरचा त्यांचा लेख पांडुरंग वामन काणे गौरवग्रंथात १९४१ मध्ये आला.

आरण्यकपर्व १९४२ मध्ये पूर्ण झाले. दरम्यान रघुवीर यांनी विराटपर्व आणि सुशीलकुमार डे यांनी उद्योगपर्व सुखठणकरांच्या देखरेखीखाली सिद्ध केले. सभापर्वाचे काम अमेरिकेत फ्रँकलिन एजर्टन करीत होते. ते १९४४ मध्ये, सुखठणकरांच्या पश्चात प्रसिद्ध झाले.

मुंबई विद्यापीठाच्या विद्यमाने महाभारताच्या अर्थावर त्यांची चार व्याख्याने योजली होती. आयुष्यभर शब्दांची छाननी केलेला हा संपादक येथे प्रथमच ग्रंथाच्या समग्र आशयाविषयी बोलणार होता. तीन व्याख्याने झाली. चौथे होण्याआधी २१ जानेवारी १९४३ रोजी त्यांचे निधन झाले. ही व्याख्याने मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने १९५७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्यांचे इतर लेख परशुराम कृष्ण गोडे यांनी संपादित केलेल्या दोन स्मृतिखंडांत संकलित आहेत.

त्यांच्यानंतर श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि १९६१ पासून परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी प्रमुख संपादकपद सांभाळले. सर्व अठरा पर्वे १९६६ मध्ये पूर्ण झाली. संपूर्ण प्रकल्पात १,२५९ पोथ्या पाहण्यात आल्या. संपादक बदलले, पर्वागणिक पोथ्या बदलल्या, पण चिन्हे व नियम आदिपर्वात ठरले तेच राहिले.

संगणकावरील रूपांतर

क्योटो येथील मुनेओ तोकुनागा यांनी चिकित्सक आवृत्तीची संहिता संगणकात भरली आणि केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनी भांडारकर संस्थेच्या संमतीने ती तपासून शुद्ध केली. या मजकुराची रचना अगदी साधी आहे. प्रत्येक ओळीच्या आरंभी एक संकेतांक असतो : पहिले दोन अंक पर्वाचे, पुढील तीन अध्यायाचे, त्यापुढील तीन श्लोकाचे आणि शेवटी श्लोकाचा कोणता भाग हे सांगणारे एक अक्षर. ओळ कोठूनही उचलली तरी ती कोठली हे तीच सांगते.

अशा ओळीओळीच्या मजकुरावर काम करण्यासाठी १९७७ ची ऑक ही भाषा किंवा १९८७ ची पर्ल ही भाषा फार सोयीची पडते. या भाषा एक ओळ वाचतात, नमुन्याशी जुळवतात, बदलून लिहितात आणि विसरून जातात. ग्रंथ कितीही मोठा असला तरी एका वेळी स्मरणात एकच ओळ असते. श्लोकांची अकारविल्हे सूची करणे, रोमन लिपीतून देवनागरीत आणणे, एखादा शब्द सर्व पर्वांत शोधणे ही कामे अशा आज्ञावल्या थोडक्या वेळात करतात.

टीपांसह संपूर्ण आवृत्ती संगणकावर आणायची म्हटली की प्रश्न बदलतो. येथे मजकुराच्या आत खुणा लागतात : हा श्लोक, हा त्याचा चरण, हा पाठभेद, हे त्याचे आधार. अशा खुणांसाठी १९९८ पासून एक्सएमएल ही पद्धती प्रमाण झाली आहे, आणि तीत ग्रंथसंपादनासाठी कोणत्या खुणा वापराव्यात याचे नियम १९८७ मध्ये सुरू झालेल्या टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह या आंतरराष्ट्रीय उपक्रमाने ठरवले आहेत. अशा दस्तऐवजाचे रूपांतर करण्यासाठी १९९९ मध्ये एक्सएसएलटी ही खास भाषा प्रमाणित झाली. तिच्यात आधी हे करा, मग ते करा अशा आज्ञा नसतात. अमुक खूण आढळली तर तिचे तमुक व्हावे, असे नियम असतात आणि अनेक नियम लागू झाले तर अधिक विशिष्ट नियम बलवान ठरतो. सूत्रबद्ध व्याकरणावर प्रबंध लिहिणाऱ्याला ही रीत अनोळखी वाटली नसती. दस्तऐवज नीट बांधलेला असेल तर पर्लमध्ये पानभर लागणारे काम येथे चार नियमांत होते आणि खुणा एकमेकींत मिसळण्याची भीती राहत नाही. मात्र ही भाषा सामान्यतः सगळा दस्तऐवज वृक्षाच्या रूपाने स्मरणात उभारते, आणि तो वृक्ष मूळ फाइलच्या कित्येक पट जागा घेतो. ओळ वाचता वाचता पुढे सरकण्याची सोय तिच्यात २०१७ च्या तिसऱ्या आवृत्तीत आली.

महाभारताची केवळ संहिता काही मेगाबाइटांचीच आहे, त्यामुळे तिथे वेग किंवा जागा यांचे फारसे महत्त्व नाही. खरी अडचण टीपांत आहे, आणि ती दोन प्रकारची आहे.

पहिली, गटाच्या अक्षरांची. उत्तरेकडील सर्व, एक सोडून, असे टीपेत म्हटले की माणसाला ते कळते. संगणकाला त्या अक्षराचा अर्थ स्थळानुसार बदलून सांगावा लागतो, कारण काही पोथ्या मध्येच सुरू होतात आणि काही मध्येच तुटतात. कोणत्या श्लोकापासून कोणत्या श्लोकापर्यंत कोणती पोथी उपलब्ध आहे याचा तक्ता हाताशी ठेवून प्रत्येक टीप फोडावी लागते. हे काम पर्ल किंवा पायथन यांसारख्या सर्वसाधारण भाषांत सुलभ होते, कारण तक्ता ठेवणे, तो पाहणे आणि संक्षेपाचे तुकडे करणे हे त्यांचे नित्याचे काम. एक्सएसएलटीच्या पहिल्या आवृत्तीत तेच फार आडवळणाने करावे लागे. म्हणून टीपा फोडण्यासाठी एक भाषा आणि फोडलेल्या टीपांची मांडणी करण्यासाठी दुसरी, अशी दोन टप्प्यांची वाटणी येथे अधिक किफायतशीर ठरते.

दुसरी अडचण मुळाशी जाणारी आहे. एक्सएमएलची रचना वृक्षाची आहे. प्रत्येक खूण दुसऱ्या एका खुणेच्या पूर्णपणे आत असली पाहिजे. पोथीतील गळती हा नियम पाळत नाही. लेखकाची नजर एका ओळीवरून खालच्या सारख्या ओळीवर गेली की एका श्लोकाच्या दुसऱ्या चरणापासून पुढच्या श्लोकाच्या तिसऱ्या चरणापर्यंत मजकूर सुटतो, आणि ही गळती दोन श्लोकांच्या सीमा ओलांडते. पाठभेद नोंदवण्यासाठी वर उल्लेखलेल्या नियमांत तीन मार्ग आहेत. टीप केवळ स्थळ सांगून वेगळी ठेवावी. किंवा मजकुरात आरंभ आणि अंत अशा दोन ठिकाणी निशाण रोवून टीप त्यांना जोडावी. किंवा मजकुराचेच तुकडे करून प्रत्येक तुकड्यात सर्व पाठ शेजारीशेजारी ठेवावेत. तिसरा मार्ग वृक्षात नीट बसतो आणि एक्सएसएलटीला तो सर्वांत सोयीचा. पण लांब, परस्परांना छेदणाऱ्या भेदांपुढे त्याचे बारीक बारीक तुकडे होतात. पहिला मार्ग सुखठणकरांच्या छापील पानाशी सर्वांत जवळचा आहे. पोथ्यांचा वृक्ष त्यांना जसा मिळाला नाही, तसा त्यांच्या टीपांचाही एकच वृक्ष संगणकाला मिळत नाही.

जालावर सर्वत्र फिरणारा आणि असंख्य ठिकाणी उतरवून घेतलेला मजकूर मुख्यतः साध्या ओळींचा आहे. शब्द शोधणाऱ्याला तो पुरतो. त्यात पर्व, अध्याय आणि श्लोक यांचे अंक बिनचूक आहेत. शब्दाखालची नागमोडी रेषा मात्र त्यात उतरलेली नाही. ज्या जागी संपादकाने आपली शंका नोंदवून ठेवली होती, ती जागा पाहण्यासाठी छापील खंड उघडावा लागतो.